पाचारण आणि घर : कोल्हापूरचे वाइल्डर कुटुंब व विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात 'पाचारण' हा शब्द नित्याचा आहे. एखादा पाळक, वसतिगृहाचा अधीक्षक किंवा तरुणांमध्ये सेवाकार्य करणारा कार्यकर्ता आपल्या आयुष्याच्या निवडीविषयी बोलू लागला, की 'मी हे काम पत्करले' असे न म्हणता 'मला पाचारण झाले' असे म्हणतो. इतिहासाच्या अभ्यासकापुढे हा शब्द एक अडचण उभी करतो. हाक खरोखर ईश्वराची होती की नाही, याचा निर्णय कागदपत्रांवरून करता येत नाही आणि तो करणे हे इतिहासाचे कामही नव्हे. परंतु हाक ऐकणारा कोणत्या घरात वाढला, जे ऐकू आले ती हाकच होय असे त्याला कोणी सांगितले, आणि तिला 'ओ' दिल्यावर त्याला काय सोडावे लागले, हे प्रश्न मात्र इतिहासाच्या कक्षेतील आहेत.

जुन्या करारातील बालक शमुवेलाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. रात्री हाक ऐकून तो मुलगा पुन्हा पुन्हा वृद्ध एलीकडे धावतो. त्याला वाटते, एलीनेच बोलावले. हाक कोणाची आहे हे अखेर एलीच त्याला समजावून देतो. म्हणजे पाचारणाच्या या सर्वपरिचित कथेतही ऐकणाऱ्या मुलाइतकेच महत्त्व ऐकलेल्याचा अर्थ लावून देणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला आहे. तरुणांमधील ख्रिस्ती सेवाकार्याचा आधुनिक इतिहास लिहिताना ही दुसरी व्यक्ती बहुधा विसरली जाते.

प्रस्तुत निबंधात रॉबर्ट पार्मली वाइल्डर यांचे उदाहरण घेतले आहे. त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६३ रोजी कोल्हापूर येथे झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षी अमेरिकेत ज्या चळवळीचे ते प्रवर्तक ठरले, ती 'विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ' पुढील काही दशके प्रॉटेस्टंट जगातील विद्यार्थिवर्गावर प्रभाव गाजवीत राहिली. आपल्याकडील स्थानिक इतिहासलेखनात रॉबर्ट यांचे वडील रॉयल वाइल्डर यांचा उल्लेख कोल्हापूर मिशनचे संस्थापक म्हणून येतो; मुलाचा क्वचित, आणि मुलीचा जवळजवळ नाहीच. तिघांच्या निवडी एकत्र वाचल्यास पाचारण ही एकट्या व्यक्तीच्या अंतःकरणात अचानक घडणारी घटना नसून ती एका घरात सावकाश तयार होत असते, असे दिसते. त्याच वेळी दुसरा प्रश्न उपस्थित होतो. ज्यांच्या घरात ही तयारी नव्हती, किंबहुना ज्यांचे घरच या हाकेच्या आड उभे होते, अशा मराठी तरुणांच्या पाचारणाची किंमत कोणत्या मापाने मोजावयाची?

साधनांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. चळवळीच्या आरंभाविषयीची पुष्कळशी माहिती रॉबर्ट वाइल्डर यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतावर आणि त्यांच्या कन्येने १९४१ मध्ये लिहिलेल्या चरित्रावर आधारलेली आहे. पहिले लेखन घटनेनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी झालेले आहे. इतक्या अंतरावरून पाहताना माणसाला आपल्या तारुण्यातील योगायोगही योजनेसारखे दिसू लागतात. ही मर्यादा ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

कोल्हापूर मिशन आणि शाळांचा वाद

रॉयल गूल्ड वाइल्डर हे १८४६ मध्ये अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून पत्नी एलायझा यांच्यासह भारतात आले. या बोर्डाचे मुंबईतील कार्य १८१३ पासून आणि अहमदनगर येथील कार्य १८३१ पासून चालू होते. वाइल्डर प्रथम अहमदनगरला होते. १८५२ च्या अखेरीस ते कोल्हापुरास आले. संस्थानी मुलूख, जवळपास दुसरे मिशन नाही, अशा ठिकाणी त्यांनी जे काम उभे केले त्यात शाळांना मोठे स्थान होते.

नेमक्या याच मुद्द्यावर त्यांचा आपल्या बोर्डाशी खटका उडाला. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये भारतातील मिशनांची पाहणी केली. मिशनचे खरे काम देशी भाषेत सुवार्ता सांगणे व देशी मंडळ्या उभ्या करणे हे होय, इंग्रजी शाळांवर मनुष्यबळ व पैसा खर्च करणे नव्हे, असे त्यांचे मत होते. अँडरसन यांची भूमिका आज वाचताना ती अनेक बाबतींत काळाच्या पुढची वाटते. स्वावलंबी देशी मंडळीचा आग्रह त्यांनी धरला होता. वाइल्डर यांना मात्र शाळा सोडवत नव्हत्या. वर्गात रोज भेटणाऱ्या मुलाशी जे नाते जुळते, ते बाजारातील प्रवचनाने जुळत नाही, अशी त्यांची धारणा होती. १८६१ मध्ये त्यांनी बोर्डाच्या भारतातील शाळांविषयी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. मधल्या काळात प्रकृतीच्या कारणाने ते अमेरिकेस गेले होते. बोर्डाशी संबंध तुटल्यावर त्याच १८६१ साली ते आपल्या जबाबदारीवर कोल्हापुरास परतले, आणि सुमारे दहा वर्षांनी हे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे सोपविले गेले.

या वादाचा तपशील येथे देण्याचे कारण असे, की रॉबर्ट यांचा जन्म या स्वतंत्र, कोणत्याही मंडळाचा भरवशाचा आधार नसलेल्या काळात झाला. वरिष्ठांनी 'ना' म्हटले तरी परत जाणारा बाप त्यांनी घरात पाहिला. पुढे मिशन मंडळे सांगतील तेव्हा जाऊ असे न म्हणता विद्यार्थ्यांनी आपण होऊन नाव नोंदवावे, ही जी कल्पना चळवळीच्या मुळाशी होती, तिचे बीज कोल्हापूरच्या या हट्टात असावे असे मानण्यास जागा आहे. याला थेट पुरावा नाही. पण घरात जे घडत असते ते मुलांना शिकवावे लागत नाही.

प्रिन्स्टनचे घर

१८७० च्या दशकात हे कुटुंब अमेरिकेस परतले व प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. रॉयल वाइल्डर यांनी १८७८ मध्ये 'मिशनरी रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केले आणि अखेरपर्यंत चालविले. त्यामुळे ज्या घरात रॉबर्ट यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले, त्या घराच्या जेवणाच्या मेजावर कोल्हापूर, चीन, इराण हे विषय रोजचेच असणार.

१८८३ च्या शरद ऋतूत रॉबर्ट हे हार्टफर्ड येथील एका विद्यार्थी परिषदेस गेले आणि परतल्यावर त्यांनी काही सहाध्यायांसह प्रिन्स्टन कॉलेजात परदेशी सेवेत रस असणाऱ्या विद्यार्थ्यांचा छोटा गट स्थापन केला. ईश्वराची अनुमती असल्यास परदेशात मिशनरी होण्यास आपण राजी व उत्सुक आहोत, अशा आशयाच्या निवेदनावर सदस्य सही करीत. गटाच्या रविवारच्या बैठका वाइल्डर यांच्या घरी होत.

चळवळीच्या इतिहासात हा गट प्रसिद्ध आहे. त्यामागची एक गोष्ट मात्र तितकी प्रसिद्ध नाही. रॉबर्ट यांची थोरली बहीण ग्रेस, जन्म १८६१, ही माउंट होल्योक या स्त्रियांच्या शिक्षणसंस्थेत शिकली. तेथील विद्यार्थिनींच्या मिशन संघात अशाच स्वरूपाचे निवेदन होते : जेथे बोलावणे येईल तेथे, परदेशातसुद्धा, सेवा करण्यास आम्ही तयार आहोत. ग्रेस १८८३ मध्ये पदवीधर होऊन घरी आल्या आणि त्याच वर्षी प्रिन्स्टनचा गट स्थापन झाला. सही करून पाचारणास उत्तर देण्याची ही पद्धत भावाच्या आधी बहिणीच्या हातात होती, हे यावरून स्पष्ट दिसते. मुलांच्या बैठका चालू असताना ग्रेस शेजारच्या खोलीत प्रार्थना करीत बसत, असे रॉबर्ट यांनी स्वतःच नोंदविले आहे. दोघे भावंडे महाविद्यालयांतून एक हजार स्वयंसेवक मिळावेत म्हणून प्रार्थना करीत असत. भावाची आठवण कृतज्ञतेची आहे, यात संशय नाही. तरीही त्या आठवणीत बहीण शेजारच्या खोलीतच राहते.

माउंट हर्मन, १८८६

१८८६ च्या जुलै महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे ड्वाइट मूडी यांच्या निमंत्रणावरून आणि वाय.एम.सी.ए.चे महाविद्यालयीन सचिव ल्यूथर विशार्ड यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांचे सुमारे चार आठवड्यांचे शिबिर भरले. लंडनमध्ये १८४४ साली जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानातील तरुण नोकराने सहकाऱ्यांसह स्थापन केलेली वाय.एम.सी.ए. ही संस्था एव्हाना अमेरिकेच्या महाविद्यालयांत पसरली होती. शिबिराचा हेतू बायबल-अभ्यासाचा होता. परदेशी सेवा हा त्याचा विषय नव्हता. २५१ विद्यार्थ्यांपैकी सुरुवातीस जेमतेम वीस-एकवीस जण त्या दिशेने विचार करणारे होते. नुकतेच पदवीधर झालेले रॉबर्ट वाइल्डर त्यांतले एक. त्यांना तेथे पाठविताना, शंभर जण तयार होतील, असे ग्रेस यांनी म्हटल्याचे सांगितले जाते.

रॉबर्ट यांनी प्रथम या मूठभर विद्यार्थ्यांना प्रार्थनेसाठी एकत्र केले. नंतर आर्थर पीअर्सन यांच्यासारख्या वक्त्यांची भाषणे घडवून आणली. २४ जुलैच्या रात्री झालेली सभा 'दहा राष्ट्रांची सभा' म्हणून ओळखली जाते. दहा विद्यार्थ्यांनी प्रत्येकी काही मिनिटे आपापल्या देशाच्या वतीने भाषण केले. आपल्या दृष्टीने या सभेतील एक तपशील महत्त्वाचा आहे. जपानच्या वतीने जपानी विद्यार्थी बोलला, सयामच्या वतीने सयामी, आर्मेनियाच्या वतीने आर्मेनियन. चीन, इराण आणि भारत या तीन देशांच्या वतीने मात्र तेथील मिशनऱ्यांची मुले बोलली. ज्या देशाला सर्वाधिक स्वयंसेवकांची गरज आहे असे सांगितले जात होते, त्यांपैकी एकाचा, म्हणजे आपला, स्वतःचा आवाज त्या रात्री सभागृहात नव्हता. त्यामागे दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. भारतीय विद्यार्थी तेथे असता तर त्यालाही बोलू दिले असते. पण भारतात जन्मलेल्या परक्या मुलाने भारताची गरज सांगावी आणि ती ऐकून दुसऱ्यांना पाचारण व्हावे, ही रचना त्या काळी कोणाला खटकली नाही, हे नोंदविले पाहिजे.

शिबिराच्या अखेरीस सही करणाऱ्यांची संख्या शंभरावर पोहोचली. कॉर्नेलचा विद्यार्थी जॉन मॉट हा त्यांत होता. याच मॉट यांना पुढे १९४६ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या शैक्षणिक वर्षात रॉबर्ट वाइल्डर आणि जॉन फोरमन यांनी दीडशेहून अधिक संस्थांना भेटी दिल्या व दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्या मिळविल्या. त्यांत पाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या. फोरमन हेही हिंदुस्थानातील मिशनऱ्याचेच पुत्र. लाहोरचे प्रसिद्ध फोरमन कॉलेज त्यांच्या वडिलांच्या नावाचे आहे. दौऱ्यावर जावे की आजारी वडिलांजवळ राहावे, असा पेच रॉबर्ट यांच्यापुढे होता. वडिलांनी विचार करून, येशूने आपल्या बापाला पुरून येतो म्हणणाऱ्या शिष्यास दिलेल्या उत्तराचा आधार घेत, मुलास जाण्यास सांगितले. ऑक्टोबर १८८७ मध्ये रॉयल वाइल्डर यांचे निधन झाले. एलीची भूमिका या घरात एकदा नव्हे, दोनदा पार पाडली गेली : एकदा बहिणीने, एकदा बापाने.

सही आणि तिचे वजन

१८८८ मध्ये चळवळीला औपचारिक संघटनेचे रूप आले आणि मॉट तिचे अध्यक्ष झाले. याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता सांगावयाची, हे तिचे ध्येयवाक्य ठरले. पाचारणाच्या कल्पनेत या चळवळीने जो बदल घडविला तो मूलगामी होता. तोपर्यंत सामान्य समजूत अशी होती, की घरी राहणे हा नियम आणि परदेशी सेवा हा अपवाद. अपवादासाठी विशेष हाक ऐकू यावी लागते. चळवळीच्या वक्त्यांनी हा क्रम उलटा केला. जाण्याची आज्ञा सर्वांनाच आहे. तेव्हा आपण का जात नाही याचे कारण प्रत्येकाने द्यावे, असे ते विचारू लागले.

या युक्तिवादाचे सामर्थ्य आणि धोका, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. ज्या तरुणाला अद्भुत आवाज ऐकू आला नाही, त्यालाही निर्णय घेण्याची मोकळीक मिळाली. आपण पुरेसे आध्यात्मिक नाही या न्यूनगंडातून त्याची सुटका झाली. परंतु वीस वर्षांच्या मुलाला भारावलेल्या सभेच्या शेवटी कागद पुढे करून सही मागणे, यात दडपण नव्हते असे म्हणता येणार नाही. टीका त्याच काळात झाली. १८९२ मध्ये निवेदनाची भाषा बदलण्यात आली. 'राजी व उत्सुक' हे शब्द जाऊन, ईश्वराची अनुमती असल्यास मिशनरी होणे हा आपला उद्देश आहे, असे शब्द आले. उत्सुकता ही भावना आहे, उद्देश हा निश्चय. हा फरक जाणीवपूर्वक केलेला होता. चळवळीच्या संपूर्ण काळात सुमारे वीस हजार स्वयंसेवक प्रत्यक्ष परदेशी गेले. सही करणाऱ्यांची संख्या याहून कितीतरी मोठी होती. न गेलेल्या सर्वांना वचनभंगी ठरविणे अन्यायाचे होईल. कोणाची प्रकृती आड आली, कोणास मंडळांनी निधीअभावी नाकारले, कोणाच्या घरची जबाबदारी संपली नाही. अशा माणसांचे पाचारण खोटे होते काय? या प्रश्नास चळवळीच्या वाङ्मयात समाधानकारक उत्तर सापडत नाही. जे गेले त्यांचीच चरित्रे लिहिली गेली.

स्वतः रॉबर्ट वाइल्डर यांच्या आयुष्यातही हा पेच सुटलेला नाही. १८९१-९२ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील विद्यापीठांत चळवळ पोहोचविली. १८९२ मध्ये नॉर्वेतील हेलेन ओल्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर ते भारतात आले. कलकत्ता व पुणे येथील महाविद्यालयीन तरुणांत त्यांनी काम केले आणि पुढे वाय.एम.सी.ए.चे विद्यार्थी-कार्य पाहिले. परंतु प्रकृतीने साथ न दिल्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांना भारत सोडावा लागला. त्यानंतर युरोपातील विद्यार्थी, १९१९ ते १९२७ या काळात चळवळीचे सरचिटणीसपद, मग कैरो आणि शेवटी नॉर्वे, असा त्यांचा प्रवास झाला. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. हजारोंना 'जा' म्हणून सांगणारा हा माणूस आपल्या जन्मभूमीत एका दशकाहून अधिक राहू शकला नाही. त्यांचे खरे पाचारण भारताचे नव्हते, तर तरुणांना हाक ऐकू येईल अशी जागा निर्माण करण्याचे होते, असे म्हणावे लागते. पण हे त्यांना आधी कोणीही सांगितले नव्हते.

घराबाहेर काढणारे पाचारण

वाइल्डर यांच्या उदाहरणाशेजारी मराठी तरुणांचे अनुभव ठेवले म्हणजे चित्र पालटते. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावचा. मिशन शाळेत शिकता शिकता त्यांच्या मनात जो संघर्ष सुरू झाला त्याचे तपशीलवार वर्णन त्यांनी 'अरुणोदय' या १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात केले आहे. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. माउंट हर्मनला रॉबर्ट यांचे वयही जवळपास तेवढेच होते. वयाचे हे साम्य वगळता दोन्ही अनुभवांत समान असे फारच थोडे आहे. रॉबर्ट यांना बापाने आशीर्वाद देऊन पाठविले. पदमनजींना वडिलांच्या दुःखाकडे पाठ फिरवून जावे लागले. एकाचे पाचारण म्हणजे घराचा विस्तार, दुसऱ्याचे म्हणजे घराचा त्याग. धर्मांतराबरोबर जात, वारसा, पंगत आणि आप्तांचे दार ही सर्व एकाच दिवशी बंद होत असल्याने मराठी तरुणाचा निर्णय केवळ वैयक्तिक राहतच नसे.

नारायण वामन टिळक यांची गोष्ट अधिक परिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो विशीत नव्हे, तिशी ओलांडल्यावर. या निर्णयाचा भार कोणी वाहिला हे समजण्यासाठी मात्र टिळकांच्या कवितेकडे नव्हे, तर लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'कडे जावे लागते. पतीला झालेले पाचारण पत्नीला झालेले नव्हते. तिला ते वियोगाच्या रूपाने भेटले. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो मधल्या वर्षांची स्वतंत्र वाट चालून, स्वतःच्या विचाराने. पाचारणाच्या मराठी वाङ्मयात याहून प्रामाणिक पुस्तक नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण ज्याला हाक ऐकू आली त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने ते लिहिले आहे. पुढे १९१७ मध्ये टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला. मिशनचा पगारी नोकर असणे आणि ख्रिस्ताचे पाचारण असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे सांगण्याचा अधिकार त्यांनी फार मोठी किंमत देऊन मिळविला होता.

जाफना ते दोर्णकल

विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचे भारतातील सर्वांत महत्त्वाचे फळ ज्या माणसात दिसते, तो मात्र स्वयंसेवक होऊन परदेशी गेला नाही. वेदनायकम् सॅम्युअल अझरय्या यांचा जन्म १८७४ मध्ये तिरुनेलवेली भागातील वेल्लालनविलै या गावी झाला. वडील पाळक होते. म्हणजे घर येथेही तयार होते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकून ते १८९५ मध्ये वाय.एम.सी.ए.चे सचिव झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकन चळवळीतून आलेले शेरवूड एडी भारतात वाय.एम.सी.ए.चे काम करू लागले आणि दोघांचा निकटचा स्नेह जुळला. माउंट हर्मनपासून दक्षिण भारतातील तरुणांपर्यंतचा एक धागा असा सरळ दाखविता येतो.

१९०२ मध्ये अझरय्या जाफन्यास गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोकांनी आपल्या खर्चाने आपले प्रचारक दुसरीकडे पाठविल्याचे त्यांनी पाहिले. तिरुनेलवेलीची मंडळी त्याहून कितीतरी मोठी व जुनी. मग ती हे का करीत नाही, हा प्रश्न घेऊन ते परतले. १२ फेब्रुवारी १९०३ रोजी तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली, आणि २५ डिसेंबर १९०५ रोजी श्रीरामपूर, बंगाल येथे सर्व पंथांना सामावून घेणारी नॅशनल मिशनरी सोसायटी. भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय व्यवस्थापन, हे तिचे धोरण होते. १८८६ च्या त्या सभेत भारताचा जो आवाज नव्हता, तो एकोणीस वर्षांनी येथे ऐकू येतो.

इतरांना पाठविणाऱ्या अझरय्यांना लवकरच जाणवले, की आपण स्वतः कोठेच गेलेलो नाही. १९०९ मध्ये वाय.एम.सी.ए.चे प्रतिष्ठेचे पद सोडून, दीक्षा घेऊन ते निजामाच्या राज्यातील दोर्णकल येथे गेले. तमिळभाषक माणूस तेलुगू शिकून खेड्यातील दलित समाजात राहू लागला. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना स्पष्टच सुनावले, की तुम्ही त्याग केलात, देणग्या दिल्यात, आता आम्हाला मित्र म्हणून वागवा. ते ऐकून सभागृहात अनेकांना अवघडल्यासारखे झाले. १९१२ मध्ये अझरय्या हे अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले आणि १९१६ मध्ये के. टी. पॉल हे वाय.एम.सी.ए.चे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस. तरुणांमधील ख्रिस्ती सेवाकार्याची सूत्रे अशा रीतीने भारतीयांच्या हाती येऊ लागली.

ग्रेस वाइल्डर

चळवळीच्या इतिहासात 'शेजारच्या खोलीत' राहिलेल्या ग्रेस यांचे पुढे काय झाले? वडिलांच्या निधनानंतर १८८७ मध्येच त्या आई एलायझा यांच्यासह भारतात परतल्या. १८८८ मध्ये त्यांची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. परदेशी सेवेस मी जावे काय, हा प्रश्न तरुण मुलींनी स्वतःस कसा विचारावा, याविषयीची ती पुस्तिका चळवळीने मोठ्या प्रमाणावर वाटली. ती लिहिणारी स्त्री तोपर्यंत जाऊन पोहोचली होती. तरुण स्त्रियांच्या पाचारणाचा विचार स्त्रीने स्त्रियांसाठी मांडला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. सभांमधून बोलणारे जवळजवळ सर्व पुरुष होते.

कोल्हापूर भागात आणि पुढे तत्कालीन सातारा जिल्ह्यातील इस्लामपूर येथे मायलेकींनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांमध्ये काम केले. एलायझा वाइल्डर प्रथम भारतात आल्या त्या १८४६ मध्ये. म्हणजे मधली अमेरिकेतील वर्षे वगळली तरी अर्ध्या शतकाच्या आसपास त्यांचे आयुष्य मराठी मुलखात गेले. या कामाला परिषदा नव्हत्या, ध्येयवाक्य नव्हते, सह्यांच्या याद्या नव्हत्या. उन्हाळ्यात बैलगाडीचा रस्ता, पावसाळ्यात तोही नाही, आणि दारात बसून बोलण्याइतकी मराठी. याच मिशनचे डॉ. विल्यम वान्लेस १८८९ मध्ये सांगलीस आले आणि १८९४ मध्ये मिरजेस त्यांनी रुग्णालय सुरू केले; ते नाव दक्षिण महाराष्ट्रात घराघरांत पोहोचले. कोल्हापुरातील चर्चच्या नावात वाइल्डर हे आडनाव टिकून राहिले आहे. ग्रेस यांच्या बाजूस बसून खेड्यांतील स्त्रियांशी बोलणाऱ्या मराठी ख्रिस्ती स्त्रियांची नावे मात्र चळवळीच्या इंग्रजी ग्रंथांत आढळत नाहीत. ती कोठे असतील तर मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत आणि 'ज्ञानोदय'च्या जुन्या अंकांत असतील, आणि तेथे ती शोधण्याचे काम व्हावयाचे आहे.

एलायझा वाइल्डर १९१० मध्ये निवर्तल्या, ग्रेस १९११ मध्ये. ग्रेस पन्नाशीच्या होत्या. रॉबर्ट त्या वेळी युरोपात, विद्यार्थ्यांच्या सभा घेत होते.